पाळण्याला लागलेला हात

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून वक्त्याने काय बोलावे हे साधारणपणे ठरलेले असते. त्यामुळे मी आज उंदरावर बोलणार आहे म्हटल्यावर काही जण हसतील. हसा, हरकत नाही. पण अर्धा तास माझे ऐका. मागे बसलेल्या, मांडीवर लेकरू घेतलेल्या आयाबहिणींनी तर जरूर ऐकावे, कारण हा विषय त्यांचाच आहे.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करणारा माणूस. माझे शिक्षण शाळेत कमी आणि वाचनालयात जास्त झाले. गिरणीत एक गोष्ट रोज बघायला मिळते. कार्डिंग खात्यात कापूस नीट पिंजला गेला नाही, पेळू जाड-बारीक राहिला, तर तिथे कुणाला काही दिसत नाही. पुढे आमच्या साच्यावर पीळ पडायला लागला की धागा तटातट तुटायला लागतो. तुटतो आमच्याकडे, म्हणून बोलणी आम्हाला बसतात. दोष मात्र मागच्या खात्यातला असतो. माणसाचेही असेच असते का? तीस वर्षांचा माणूस जरा काही झाले की घाबरतो, भडकतो, खचतो, त्याचे मूळ पाळण्यात असू शकते का? हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. त्याचे उत्तर शोधताना या उंदरांशी गाठ पडली.

आपल्याकडे म्हण आहे, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. म्हणजे काय, तर जो जसा जन्मला तसाच तो होणार. बाळाचे पाय सगळे बघतात, पण पाळण्याला कुणाचा हात लागला हे कोण बघतो? शास्त्रज्ञांनी नेमके तेच बघितले.

गोष्ट १९५० च्या दशकातली, अमेरिकेतली. सेमूर लेव्हिन नावाच्या शास्त्रज्ञाने पांढऱ्या उंदरांची नुकती जन्मलेली पिल्ले घेतली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातल्या पिल्लांना रोज थोडा वेळ आईजवळून उचलून एका खोक्यात ठेवायचे आणि विजेचा हलका झटका द्यायचा. दुसऱ्या गटाला तसेच उचलायचे, त्याच खोक्यात ठेवायचे, पण झटका द्यायचा नाही, आणि परत आईजवळ सोडायचे. तिसऱ्या गटाला हातच लावायचा नाही, आईच्या घरट्यात जसेच्या तसे राहू द्यायचे. ज्यांना झटके बसले ती पिल्ले मोठेपणी भित्री होतील, असा अंदाज होता. आपल्यालाही तसेच वाटेल.

झाले उलटेच. पहिल्या दोन गटांतले उंदीर मोठेपणी धीट निघाले. नव्या मोकळ्या जागेत सोडले तर फिरायचे, हुंगायचे, चौकशी करायचे. ज्यांना कुणी हातच लावला नव्हता ते मात्र कोपऱ्यात अंग चोरून बसले, भीतीने लेंड्या टाकू लागले. म्हणजे झटक्याने फरक पडला नव्हता, फरक पडला होता उचलण्याने, हाताळण्याने. लहानपणी कुणी हात लावला की नाही, एवढ्या साध्या गोष्टीची खूण त्या जिवावर मोठेपणापर्यंत टिकली होती. (आता घरी जाऊन लेकराला झटका द्या असा अर्थ कुणी काढू नका! पुढे ऐका.)

शरीरात नेमके काय बदलले, तेही तपासले गेले. आपल्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. संकट आले की ती रक्तात एक रस सोडते. उंदरात त्याला कॉर्टिकोस्टेरॉन म्हणतात, माणसात कॉर्टिसॉल. हा रस वाईट नाही. त्याने अंगात बळ येते, रक्तात साखर येते, पळता येते, लढता येते. आमच्या गिरणीच्या भोंग्यासारखे समजा. भोंगा वेळेवर वाजला पाहिजे, आणि काम झाले की बंदही झाला पाहिजे. रात्रभर भोंगा वाजत राहिला तर वस्तीत कुणी झोपेल का? लहानपणी हाताळलेल्या उंदरांचा भोंगा चटकन वाजत होता आणि चटकन थांबत होता. न हाताळलेल्यांचा सावकाश वाजायचा आणि मग थांबता थांबत नसे. संकट टळून गेले तरी त्यांचे शरीर संकटातच राहायचे. असा रस वर्षानुवर्षे अंगात राहिला तर शरीराची आणि मेंदूची झीज होते.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात मॅकगिल विद्यापीठ आहे. तिथे मायकल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले. पिल्लांना पहिले तीन आठवडे रोज फक्त पंधरा मिनिटे उचलून बाजूला ठेवायचे, एवढाच प्रयोग. ते उंदीर म्हातारे होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. दोन वर्षांचा झालेला, म्हणजे म्हातारा उंदीर, लहानपणी हाताळलेला असेल तर त्याची आठवण शाबूत होती आणि मेंदूतल्या स्मरणाच्या भागातल्या पेशी कमी झिजल्या होत्या. हे १९८८ साली प्रसिद्ध झाले. बघा, पाळण्यातली पंधरा मिनिटे म्हातारपणी कामाला आली!

आता खरा प्रश्न पुढे आला. माणसाच्या हातात अशी काय जादू आहे? उत्तर असे निघाले की जादू माणसाच्या हातात नव्हती, आईच्या जिभेत होती. पिल्लू उचलून नेले आणि परत आणून ठेवले की आई त्याच्याकडे धाव घेते आणि एरवीपेक्षा जास्त चाटते. आपली बाई जसे लेकरू रडत आले की जवळ घेते, डोक्यावरून हात फिरवते, तसेच ते. मग मीनींच्या गटाने नुसत्या आयाच बघितल्या. कुणी मध्ये हात घातला नाही तरी काही उंदरिणी पिल्लांना भरपूर चाटतात, काही कमी चाटतात. भरपूर चाटलेली पिल्ले मोठेपणी शांत, धीट, भोंगा वेळेवर थांबवणारी निघाली. कमी चाटलेली घाबरट निघाली. हा शोध १९९७ सालचा.

इथे कुणीही विचारील, अहो, हे रक्तातच असेल. शांत आईची पिल्ले शांत, घाबरट आईची घाबरट, त्यात चाटण्याचा काय संबंध? बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. ज्याचा जन्म जसा तशी त्याची लायकी, हे आपल्याला शेकडो वर्षे ऐकवले गेले. शास्त्रज्ञांनी यावर वाद घातला नाही, पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले जन्मताच उचलून भरपूर चाटणाऱ्या आईच्या घरट्यात ठेवली. ती तिच्यासारखी शांत झाली. पुढे त्यांतल्या माद्या स्वतः आया झाल्या, तेव्हा त्यांनीही आपल्या पिल्लांना भरपूर चाटले. जन्म देणारीकडून नव्हे, वाढवणारीकडून हा गुण आला आणि पुढच्या पिढीला गेला. हे १९९९ साली छापून आले.

आपल्याला तर हे पटायला जड जाऊ नये. सिद्धार्थाला जन्म दिला महामायेने. सातव्या दिवशी ती गेली. वाढवले ते महाप्रजापती गौतमीने. भीमरावांची आई भीमाबाई ते लहान असतानाच गेल्या आणि आत्या मीराबाईने त्या लेकरांना सांभाळले. वाढवणाऱ्या हाताची किंमत आपल्याला कुणी वेगळी सांगायची गरज नाही.

२००४ साली याच गटाने पेशीच्या आत डोकावून बघितले. शरीराचा जो आराखडा आईबापांकडून येतो त्याला जनुके म्हणतात. आईच्या चाटण्याने जनुक बदलत नाही. पण जनुकावर एक रासायनिक खूण बसते किंवा निघते. दाराला कुलूप असावे किंवा नसावे, तसे समजा. दार तेच असते. भोंगा थांबवणारे जे जनुक मेंदूत आहे, ते भरपूर चाटलेल्या पिल्लांत उघडे होते, कमी चाटलेल्यांत बरेच कुलूपबंद होते. आणि हा फरक जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच पडला होता.

या प्रयोगांतल्या दोन गोष्टी मला सर्वात महत्त्वाच्या वाटतात. त्यासाठीच मी हा विषय घेतला.

पहिली गोष्ट वेळेची. पंधरा मिनिटे आईपासून दूर ठेवले तर पिल्लांचे भले झाले. पण रोज तीन तास दूर ठेवले तर? तर नेमके उलटे झाले. ती पिल्ले जन्मभर बिचकणारी झाली, त्यांचा भोंगा थांबेना. थोडा वेळ दुरावा आणि परत आईची कूस, यातून लेकरू घडते. लांबचा दुरावा रोजचाच झाला तर ते मोडते.

दुसरी गोष्ट घरट्याची. अमेरिकेत कॅलिफोर्नियात टॅली बराम नावाच्या बाई डॉक्टर आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेत आईला पिल्लांपासून तोडलेच नाही. फक्त घरटे करायला जो भुसा-कागद लागतो तो अगदी थोडा दिला. काही दिवसांपुरताच. आई तीच, प्रेम तेच. पण तिला घरटे जमेना. ती सारखी उठू लागली, घरट्याबाहेर पळू लागली, चाटता चाटता मध्येच सोडू लागली. पिल्लांजवळ ती एकूण वेळ तेवढाच देत होती, पण तुकड्या-तुकड्यांनी, कशाचा कशाला मेळ नाही असा. आणि ती पिल्ले मोठेपणी आठवणीत कमी पडली, ताण सोसायला कमी पडली.

मला सांगा, यात त्या आईचा काय गुन्हा? तिच्या घरट्यातला भुसा कुणी काढून घेतला होता? आपल्याकडे एखादे लेकरू चिडखोर निघाले, शाळेत मागे पडले, की लगेच म्हणतात, आईचे लक्ष नाही. आधी तिच्या घरट्यात भुसा किती होता ते बघा, मग तिला नाव ठेवा.

इथे काही जणांच्या मनात आले असेल की मुक्या जिवांना असा त्रास देणे बरे का? पंचशीलातले पहिले शील रोज म्हणणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न आलाच पाहिजे. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० साली कायदा झाला आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवायला त्याच कायद्याखाली १९६४ मध्ये समिती नेमली गेली. तरीही त्रास हा त्रासच. मला एवढेच वाटते की त्या जिवांनी सोसून जे ज्ञान आपल्याला दिले ते कपाटात पडून राहिले तर त्यांचे सोसणे दुप्पट वाया गेले.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेचे आणि कॅनडाचे उंदीर, आपल्याला काय त्याचे? तर आपल्या पुण्याचे उंदीर ऐका. पुण्यात उंदरांच्या एका वंशाला एक-दोन नव्हे, पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवण्यात आले. आनंदवर्धन हर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास केला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिकही त्यात होते. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. पन्नास पिढ्या उपाशी राहिलेल्या त्या उंदरांत मधुमेहाची लक्षणे दिसली. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर चांगले खायला दिले. तरी शरीर ताळ्यावर आले नाही. उपासमारीची खूण दोन पिढ्यांच्या भाकरीने पुसली गेली नाही.

याच डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळाचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. आपले बाळ बारीक. पण अंगात चरबी त्या मानाने कमी नाही, कमी आहे ते मांस. वरून बारीक आणि आतून चरबीचे. अशा बाळाला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. आपल्या वस्तीत चाळिशीतच साखर निघालेली माणसे किती आहेत ते मोजायला फार लांब जावे लागणार नाही. सगळेच काही गोड खाऊन झालेले नाही. त्यातले काही आजीच्या उपवासापासूनही आलेले असेल.

माझ्या वयाचे लोक १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मले. आपल्या आया खडी फोडायला जात होत्या आणि सुकडी खाऊन आपल्याला दूध पाजत होत्या. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूर आणि आजूबाजूची गावे पडली. त्या वर्षी जी लेकरे पाळण्यात होती ती आज तिशी ओलांडून गेली, त्यांनाही लेकरे झाली. या सगळ्यांच्या अंगावर त्या दिवसांची खूण असेल का, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळते. उंदराचे पिल्लू तीन आठवड्यांत आईला सोडते, आपले लेकरू तीन वर्षे पदर सोडत नाही. म्हणून माणसावर काय दिसले तेही सांगतो. रुमानियात अनाथालयांत हजारो लेकरे वाढत होती. खायला मिळे, पण उचलून घेणारे कुणी नाही. २००० साली तिथे बुखारेस्ट शहरात एक अभ्यास सुरू झाला. १३६ लेकरांपैकी निम्म्यांना चांगल्या घरांत सांभाळायला दिले. जी लेकरे दोन वर्षांची होण्याआधी घरात आली ती बुद्धीने, मायेने चांगली सावरली. उशिरा आलेली तेवढी सावरली नाहीत.

अमेरिकेत मायामीला टिफनी फील्ड बाईंनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे अंगावरून हात फिरवला. दहा दिवसांत त्या बाळांचे वजन इतरांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढले. हे १९८६ चे. आपल्या मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात बाळांना खोबरेल तेलाने मालिश करून बघितले, ते २००५ ला प्रसिद्ध झाले. त्यातही बाळांचे वजन चांगले वाढले. आपल्या आज्या पायावर लेकरू घेऊन तेल चोळत होत्या, त्या काही अडाणी नव्हत्या! कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचे, ही कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशात बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथे काचेच्या पेट्या कमी होत्या. आज जागतिक आरोग्य संघटना तीच पद्धत जन्मताच सुरू करा असे सांगते. गरिबाच्या दवाखान्यातून निघालेले शहाणपण श्रीमंतांच्या दवाखान्यात गेले.

आणि एक बोलतो. स्पर्श हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्यांचे आपण वंशज. आपल्या वाडवडिलांना जगाने हात लावला नाही, पण आपल्या मायांनी आपल्याला पोटाशी धरले, म्हणून आपण आज ताठ उभे आहोत. हे मी प्रयोगशाळेच्या हवाल्याने सांगत नाही, मनापासून सांगतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. दसरा-दिवाळी झाली की वाशी, भूम, परंडा, कळंब या भागांतून टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर असते. बाई पोटुशी असली तरी जाते, कारण तिच्याशिवाय कोयता अर्धा. कोपीवर बाळंत झालेली बाई थोड्याच दिवसांत फडात दिसते, हे आपल्यातल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. खाडा पडला की पैसे कापले जातात. लेकरू बांधाला झोळीत टांगलेले, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीणही शाळेतून उठवून आणलेली. पहाटे आई गेली की लेकराला परत आई कधी? पंधरा मिनिटांनी नव्हे! आणि रात्री आई येते ती मोळ्या वाहून पाठ मोडलेली. तिला चाटायला बळ कुठून येणार? तिचे घरटे म्हणजे पाचटाची कोपी. त्या अमेरिकेतल्या उंदरिणीला भुसा तरी थोडासा मिळाला होता.

गिरणी कामगाराला या बाबतीत एक इतिहास आहे, तो तरुण पोरांनी लक्षात ठेवावा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणाच्या रजेचा लाभ देणारे विधेयक आले. त्याच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ ला मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. तेव्हा लेव्हिनचे उंदीर जन्मलेही नव्हते! पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात बायांच्या लेकरांसाठी पाळणाघराची अट आली. १९६१ च्या प्रसूती कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, २०१७ ला ती सव्वीस आठवडे झाली. जिचे नाव मस्टरवर आहे तिला ही रजा मिळू शकते. फडातल्या बाईचे नाव मस्टरवर नसते, मुकादमाच्या वहीत असते, आणि तेही नवऱ्याच्या नावाखाली. सव्वीस आठवडे कुठे आणि तिचे चार दिवस कुठे!

म्हणून माझी विहाराला विनंती आहे. भाषण झाले, टाळ्या झाल्या, असे होऊ नये. चार कामे आपल्या हातातली आहेत.

एक. वस्तीत बाळंत झालेल्या प्रत्येक बाईला निदान सव्वा महिना जड काम पडू नये, ही जबाबदारी शेजारच्या चार घरांनी घ्यावी. पाणी, सरपण, धुणे, थोरल्या लेकरांचा डबा. महिला मंडळाने वाटून घेतले तर कुणालाच जड नाही. आणि पुरुषांनीही उठावे. लेकरू उचलल्याने मिशी गळून पडत नाही. बापाचा हातही हातच आहे.

दोन. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईच्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचे असते. ही पद्धत वाऱ्यावर आलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून खेड्यातल्या बायांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली, बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले, त्यातून ती आली. आशाताई आली नाही तर बोलावून आणा. पंतप्रधान मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार रुपये आहेत. त्याचा अर्ज भरायला आपल्या शिकलेल्या पोरांनी विहारात रविवारी बसावे.

तीन. जे कुटुंब तोडीला निघाले आहे त्यातल्या दिवस भरत आलेल्या बाईला आणि अंगावरच्या लेकराला मागे ठेवता येते का, हे टोळी निघण्याआधी विचारावे. तिच्या वाट्याची उचल फिटायची कशी, हा प्रश्न पैशाचा आहे, उपदेशाने सुटणार नाही. बचत गटांनी त्यात डोके घालावे. आणि कारखान्याच्या तळावर पाळणाघर, अंगणवाडी, आणि बाळंतिणीला पगारी रजा, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी लावून धरावी. बाबासाहेबांनी १९२८ ला गिरणीतल्या बाईसाठी जे मागितले तेच आज फडातल्या बाईसाठी मागायचे आहे.

चार. जी लेकरे पाळण्याच्या पुढे गेली, ज्यांच्या वाट्याला हे काही आले नाही, त्यांचे काय? त्यांच्याबद्दलही उंदरांनी चांगली बातमी दिली आहे. रोज तीन तास आईपासून तोडलेली जी पिल्ले होती, त्यांना पुढे मोठ्या पिंजऱ्यात, सोबत्यांबरोबर, खेळायला वस्तू देऊन वाढवले, तर त्यांचा भोंगा पुन्हा बराचसा ताळ्यावर आला. २००२ साली हे दिसले. मागच्या खात्यातला दोष पुढच्या खात्यात सगळा निघत नाही, पण हुशार कामगार धागा जोडून घेतो. विहारातली संध्याकाळची अभ्यासिका, पोरांची खेळाची जागा, गोष्टी सांगणारी एखादी आजी, हा आपल्या पोरांचा मोठा पिंजरा. नव्हे, पिंजरा नको, मोठे घरटे म्हणू. अभ्यासिकेचे दिवे रात्री नऊपर्यंत चालू राहावेत एवढी वर्गणी आपण काढू शकतो.

माझे म्हणणे संपत आले. आपण विहाराच्या भिंतीला दरवर्षी रंग देतो, पंचशीलाचे ध्वज लावतो, ते चांगलेच आहे. यंदा या विहाराच्या वहीत आणखी एक पान उघडावे. आपल्या वस्तीत या वर्षी जन्मलेल्या लेकरांची नावे, आणि प्रत्येक नावापुढे त्या बाळंतिणीच्या मदतीला गेलेल्या घरांची नावे. पुढच्या वर्धापनदिनी ते पान इथे वाचून दाखवावे. 

नमो बुद्धाय! जयभीम!